‘मला जमत नाही’चं इंग्रजी

वाचकाचं पत्र

नऊ वर्षं नोकरी करतेय. इंग्रजी वाचलेलं समजतं, बोलायची वेळ आली तर निभावून नेते. लिहायला बसले की मात्र फजिती. गेल्या दोन महिन्यांत तीनदा तोंडघशी पडले. वार्षिक मूल्यमापनात साहेबांनी माझ्याबद्दल ‘अ कॉम्पिटंट वर्कर’ असं लिहिलं. शब्दकोशात पाहिलं तर ‘सक्षम, समर्थ’. मी खूश. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, ‘खूश काय होतेस, हे तर बेताचंच कौतुक आहे.’ मग एक दिवस ताप आला म्हणून मी मेल केला, ‘आय ॲम इनकेपेबल टू अटेंड द मीटिंग.’ तो चार जणांनी वाचला आणि चौघंही हसले. तिसरी गोष्ट म्हणजे, माझ्या हाताखालचा एक हुशार मुलगा दुसरीकडे अर्ज करतोय. त्याच्यासाठी शिफारस लिहिली, ‘ही इज केपेबल ऑफ एनिथिंग.’ साहेबांनी सही न करता कागद परत पाठवला, त्या ओळीपुढे पेन्सिलीने एक उद्गारचिन्ह. क्षमता आणि अक्षमता दाखवणाऱ्या इंग्रजी विशेषणांची अर्थासकट यादी द्या, पाठ करून टाकते. आणि त्या ‘कॉम्पिटंट’बद्दल साहेबांशी बोलू की नको, तेही सांगा.

— तीनदा पडलेली

तीनदा पडलेल्या ताई,

यादी देत नाही, रागावू नका. यादी तुमच्याकडे होतीच. ‘एबल’, ‘केपेबल’, ‘कॉम्पिटंट’ या तिघांसमोर शब्दकोशात ‘सक्षम, समर्थ’ छापलेलं असतं आणि ‘अनएबल’, ‘इनकेपेबल’, ‘इनकॉम्पिटंट’ या तिघांसमोर ‘असमर्थ, अक्षम’. त्या छापील सारखेपणानेच तुम्हाला पाडलं. मी आणखी चाळीस शब्द दिले तर पडायला आणखी चाळीस जागा होतील.

त्यापेक्षा आधी आपल्याच बोलण्याकडे कान द्या. एखादी गोष्ट करता न येण्याबद्दल आपण दिवसभरात काय काय म्हणतो? गाडी चालवता येत नाही. उद्या यायला जमत नाही. एवढं काम झेपत नाही. ही जबाबदारी त्याला पेलत नाही. गुडघे धरलेत, जिना चढवत नाही. तिचे हाल बघवत नाहीत. खरं सांगायला जीभ रेटत नाही. सात वाक्यं झाली, आणि एकातही ‘असमर्थ’, ‘अक्षम’ असलं विशेषण नाही. ‘मी असमर्थ आहे’ असं तुम्ही घरात शेवटचं कधी म्हणालात? ते आपण अर्जात लिहितो, ‘उपस्थित राहण्यास असमर्थ आहे’, आणि लिहितानाच जरा ताठ बसतो.

गंमत अशी की या सातही क्रियापदांच्या पोटात कारण दडलेलं आहे. ‘येत नाही’ म्हणजे शिकलेलो नाही. ‘जमत नाही’ म्हणजे एरवी येतं, आज काहीतरी आडवं आलं. ‘झेपत नाही’ म्हणजे ओझं जास्त झालं. ‘चढवत नाही’ म्हणताना शरीर नकार देतं आणि ‘बघवत नाही’ म्हणताना मन. शिवाय ‘मला पोहता येतं’ या वाक्यात मी काही करतच नाही, पोहणं माझ्याकडे येतं. नाही आलं तर सगळा दोष माझाच असं कुठे आहे? नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आपल्याला सुचली यात नवल नाही, आपलं व्याकरणच अंगणाकडे बोट दाखवायला थोडी जागा ठेवतं.

इंग्रजीत रोजच्या बोलण्यातला बराचसा भार एकटं ‘कॅन’ वाहतं. ‘आय कान्ट स्विम’ यात शिकलो नाही, ताप आहे, की पाण्याची भीती वाटते, ते पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. नेमकं काय ते सांगायचं झालं, आणि लिहिताना तर हमखास, इंग्रजी विशेषणाकडे वळते. आणि विशेषण माणसाला चिकटतं. ‘आय ॲम’ म्हटल्यावर पुढे जे येईल ते मी होऊन बसतो. म्हणून माझा सल्ला असा की, इंग्रजी शब्द शोधण्याआधी हीच गोष्ट मराठीत कोणत्या क्रियापदाने बोलला असता ते स्वतःला विचारा. शब्दकोश नंतर उघडा.

तुमचा मेलच घेऊ. मैत्रिणीला फोनवर काय सांगितलं असतंत? ‘ताप आहे गं, मीटिंगला यायला जमणार नाही.’ हे ‘जमणार नाही’ म्हणजे ‘अनएबल’. ‘आय ॲम अनएबल टू अटेंड.’ या शब्दाला तुमच्या कुवतीशी काही देणंघेणं नाही. आत्ता, या वेळी, हे होत नाही, एवढंच तो सांगतो. नकाराच्या पत्रांचा तो लाडका शब्द आहे तो यामुळेच. ‘वी आर अनएबल टू ॲक्सेप्ट युवर ॲप्लिकेशन’ लिहिणारा जणू हात बांधल्यासारखा उभा राहतो, त्याला द्यायचं होतं हो, पण जमेना. त्याच्या मनात द्यायचं नव्हतंच हे तुम्हालाही ठाऊक असतं. आणखी एक खूण लक्षात ठेवा. ‘अनएबल’ नामाच्या आधी बसत नाही. ‘ॲन अनएबल मॅन’ असं कुणी म्हणत नाही. माणसाचा कायमचा गुण म्हणून तो शब्द घडलेलाच नाही.

‘इनकेपेबल’ मात्र थेट माणसाच्या घडणीत हात घालतो. तुमच्या वाक्यात दोन चुका होत्या. पहिली साधी: ‘इनकेपेबल’च्या पुढे ‘टू’ येत नाही, ‘ऑफ’ येतं आणि त्यानंतरच्या क्रियापदाला ‘-इंग’ लागतं. पण ती दुरुस्त करूनही तुम्ही वाचत नाही. ‘आय ॲम इनकेपेबल ऑफ अटेंडिंग द मीटिंग’ याचं व्याकरण बिनचूक आहे, अर्थ असा की मीटिंगला हजर राहणं माझ्या हाडातच नाही, मला तशी घडवलेलीच नाही. लोक हसले ते ‘टू’ला नाही, याला. त्यातून ब्रिटिश पोलिसांच्या भाषेत ‘ड्रंक अँड इनकेपेबल’ असा एक जुना शब्दप्रयोग आहे. स्वतःची काळजीही घेता येणार नाही इतका प्यायलेला माणूस, असा त्याचा अर्थ. चौघांपैकी एखाद्याला तो आठवला असेल तर हसण्यात थोडी भर पडली असेल.

इथे थोडं खोल जायला हवं, कारण तिसऱ्या प्रसंगाचं उत्तरही याच शब्दात आहे. ‘केपेबल’ आणि ‘कपॅसिटी’ एकाच घरचे. दोघांच्या मुळाशी लॅटिन ‘कापेरे’ हे क्रियापद, म्हणजे घेणं, सामावून घेणं. पातेल्याची ‘कपॅसिटी’ म्हणजे त्यात किती मावतं ते. आता आपला ‘पात्र’ हा शब्द आठवा. पात्र म्हणजे भांडं, आणि पात्र म्हणजे योग्य माणूसही. संस्कृत आणि लॅटिन या दोन्ही भाषांना लायकीबद्दल बोलताना भांडंच आठवलं. ‘केपेबल ऑफ’ ऐकलं की मी डोळ्यांसमोर भांडं आणतो आणि विचारतो, या माणसात काय मावतं?

मग ‘ही इज इनकेपेबल ऑफ लाइंग’ ही स्तुती का होते ते लगेच कळतं. खोटेपणा त्याच्यात मावतच नाही. हेच ‘ही इज अनएबल टू लाइ’ केलंत तर चित्र बदलतं. बिचाऱ्याला खोटं बोलायचं असेलही, पण काहीतरी आड येतंय. पुरावा समोर पडलाय, किंवा बायको शेजारी उभी आहे.

आणि ‘केपेबल ऑफ एनिथिंग’? त्याच्यात काहीही मावतं. काहीही. तुमच्या मनात होतं, ‘कोणतंही काम सांगा, हा करून दाखवेल.’ कागदावर उतरलं, ‘हा कोणत्याही थराला जाईल.’ साहेबांचं उद्गारचिन्ह या थरापाशी होतं. ‘केपेबल’ एकटा असतो तेव्हा सज्जन असतो. ‘शी इज व्हेरी केपेबल’ म्हणजे कर्तबगार, काम सोपवून निर्धास्त राहावं अशी. ‘ऑफ’ लागला की मात्र सगळं पुढे काय येतं त्यावर. ‘केपेबल ऑफ ग्रेट काइंडनेस’ म्हणता येतं, ‘केपेबल ऑफ मर्डर’ही म्हणता येतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकातलं ‘केपेबल ऑफ बेटर’ हे तर कौतुकात गुंडाळलेलं गाऱ्हाणं. यंत्रांनाही हाच शब्द शोभतो, अमुक गाडी ताशी 200 किलोमीटर वेगाला ‘केपेबल’ आहे म्हणतात. ती तितकी पळते असं त्यात कुणी म्हटलेलं नाही, तेवढा वेग तिच्यात मावतो, इतकंच.

‘एबल’चं मूळ वेगळं. लॅटिन ‘हाबिलिस’, हातात धरायला सोपं, हाताशी बसणारं. त्याच्यापुढे ‘टू’ आणि साधं क्रियापद. हा शब्द जागा बदलली की वजन बदलतो. ‘शी इज एबल टू ड्राइव्ह’ म्हणजे तिला गाडी चालवता येते, बस्स. पण ‘ॲन एबल लॉयर’ म्हणजे निव्वळ वकिली करू शकणारा नव्हे, चांगला मुरलेला वकील.

‘वॉज एबल टू’ आणि ‘कुड’ यांच्यात बरेच जण अडखळतात. तुम्ही विचारलेलं नाही, पण मराठीने ते इतकं सोपं होतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. (हे ‘राहवत नाही’ही बघा, याला इंग्रजीत विशेषण सापडतं का ते.) ‘काल धावत जाऊन शेवटची गाडी पकडता आली’ आणि ‘लहानपणी मला भराभर झाडावर चढता यायचं.’ पहिल्यात ‘आली’, एकदा घडलेलं, तिथे ‘आय वॉज एबल टू कॅच द ट्रेन’. दुसऱ्यात ‘यायचं’, एके काळी अंगात असलेलं, तिथे ‘आय कुड क्लाइंब ट्रीज’. एकदाच घडलेल्या यशाला ‘कुड’ लावलं की वाक्य लंगडतं. नकारात हा भेद उरत नाही, ‘कुडन्ट’ दोन्हीकडे चालतं.

आता तुमचं दुखणं, ‘कॉम्पिटंट’. तुमची मैत्रीण बरोबर आहे, पण अर्धीच.

1980 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या दोन भावांनी माणूस कसब कसं मिळवतो याची एक पाच पायऱ्यांची शिडी मांडली. पुढे परिचारिकांच्या प्रशिक्षणातही ती वापरली गेली. पायऱ्या अशा: ‘नॉव्हिस’, ‘ॲडव्हान्स्ड बिगिनर’, ‘कॉम्पिटंट’, ‘प्रोफिशियंट’, ‘एक्सपर्ट’. कॉम्पिटंट बरोबर मधल्या पायरीवर. म्हणजे हा माणूस नवखा राहिलेला नाही, आपलं काम आखून, जबाबदारीने, कुणी मागे उभं न राहता करतो. अजून त्याच्या हाताला ते सवयीचं वळण आलेलं नाही, ज्यात विचार करायच्या आधी हात चालतो. हे वाईट आहे का? विमानाच्या दुरुस्तीला मला आधी कॉम्पिटंट माणूस हवा, चमकदार नंतर बघू.

कायद्याच्या आणि सरकारी भाषेत तर या शब्दात कौतुकाचा लवलेश नसतो. ‘कॉम्पिटंट अथॉरिटी’ म्हणजे सक्षम प्राधिकारी, ज्याला अधिकार आहे तो. तो कामात दगड असला तरी कॉम्पिटंटच. ‘कॉम्पिटंट कोर्ट’ म्हणजे ज्या न्यायालयाला तो खटला चालवता येतो ते, न्यायाधीश किती विद्वान याचा संबंध नाही.

कौतुक म्हणून हा शब्द कोमट आहे, हे मात्र खरं. एखाद्या गायकाला ‘कॉम्पिटंट’ म्हणणारा समीक्षक त्याला जवळजवळ झोपवतो. ‘पर्फेक्टली कॉम्पिटंट’ तर आणखी गार, त्यातल्या ‘पर्फेक्टली’ला भुलू नका. ‘हायली कॉम्पिटंट’ असतं तर पेढे वाटायला हरकत नव्हती. आणि उलट दिशेला बघा. ‘कॉम्पिटंट’ कोमट असला तरी ‘इनकॉम्पिटंट’ चटका देतो. कुणाच्या मूल्यमापनात तो लिहिला तर भांडण ठरलेलं. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. ‘लायक’ म्हटलं तर कुणी फुलून जात नाही, पण ‘नालायक’ म्हणून बघा. पुढे फक्त एक ‘ना’ लागला, आणि निघाली शिवी.

‘प्रोफिशियंट’ आणि ‘अडेप्ट’ या वरच्या पायऱ्यांना मराठीत मला फार आवडणारे शब्द आहेत. ‘प्रोफिशियंट’ ज्यातून आला त्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ पुढे सरकणं, प्रगती करणं. भाषांच्या युरोपीय मोजपट्टीत सगळ्यात वरच्या दोन पातळ्यांना, सी-1 आणि सी-2 ला, ‘प्रोफिशियंट’ म्हणतात. म्हणजे नोकरीच्या अर्जात ‘प्रोफिशियंट इन इंग्लिश’ असं आपण सर्रास ठोकतो तेव्हा फार मोठं बोलत असतो. ‘अडेप्ट’ म्हणजे मिळवून बसलेला, पोचलेला. किमया करणारे लोक, सोनं बनवण्याचं गुपित गवसल्याचा ज्यांचा दावा, ते स्वतःला हे विशेषण लावून घेत. आपल्याकडे त्याला ‘पारंगत’, पलीकडच्या काठाला गेलेला. आणि ‘निष्णात’ म्हणजे त्या विद्येत न्हालेला. इंग्रज पुढे सरकला, आपला माणूस पोहून पार झाला, ओल्या अंगाने. ‘अडेप्ट’नंतर ‘ॲट’ घ्या, ‘प्रोफिशियंट’नंतर ‘इन’ किंवा ‘ॲट’.

‘स्किल्ड’ आणि ‘स्किलफुल’ यांवर फार वेळ घालवू नका. शिकून आलेला तो ‘स्किल्ड’, हातात सफाई आहे तो ‘स्किलफुल’. ‘स्किल्ड’ कामगार असतो, ‘स्किलफुल’ पास असतो, फुटबॉलमधला.

‘क्वालिफाइड’ मात्र सापळा आहे आणि त्यात मी स्वतः पडलोय. नवीन नवीन भाषांतरं करायचो तेव्हा एका अहवालात ‘अनक्वालिफाइड सक्सेस’ असे शब्द होते. मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं, ‘अपात्र यश’. संपादकांनी मला बोलावलं नाही, रागावलेही नाहीत. कागदावर ते दोन शब्द गोल करून समासात एवढंच लिहिलं, ‘हे कोणाला मिळालं?’ ‘क्वालिफाय’चा एक अर्थ पात्र ठरणं, दुसरा मर्यादा घालणं, अट जोडणं. ‘अ क्वालिफाइड डॉक्टर’ म्हणजे पदवी असलेला, पण ‘क्वालिफाइड सपोर्ट’ म्हणजे हातचं राखून दिलेला पाठिंबा. त्यामुळे ‘अनक्वालिफाइड डॉक्टर’ दिसला तर पळा, आणि ‘अनक्वालिफाइड सक्सेस’ मिळालं तर टाळ्या वाजवा, कारण ते निर्भेळ यश. माणसापुढे पात्रता, गोष्टीपुढे मर्यादा, असं धरून चाललात तर बहुतेक वेळा चुकणार नाही.

नकार लावणाऱ्या उपसर्गांना इंग्रजीत शिस्त नाही. ‘अनएबल’, पण नाम करायचं तर ‘इनएबिलिटी’. एकाच घरात दोन उपसर्ग, एक मूळचा इंग्रजी आणि एक लॅटिनकडून आलेला. ‘डिसएबिलिटी’ म्हटलं की तिसराच अर्थ. ‘इनेप्ट’ म्हणजे गबाळा, काम हातात घेतलं की बिघडवणारा, पण ‘एप्ट’ असा सरळ शब्द कुणी वापरत नाही, गमतीत वापरला तरच. एका स्वराने बदललेला ‘इनॅप्ट’ म्हणजे त्या जागी न शोभणारा. भाषण ‘इनॅप्ट’ असू शकतं, भाषण करणारा ‘इनेप्ट’. (आपल्याकडेही ‘अक्षम’ आणि ‘अक्षम्य’ यांत एका ‘य’चा फरक. अधिकारी अक्षम, त्याची चूक अक्षम्य.)

सगळ्यात धोकादायक घोळ ‘इन्फ्लॅमेबल’चा. मूळ लॅटिन क्रियापदच ‘इन’ने सुरू होतं, त्यातला ‘इन’ नकाराचा नाही, पेटण्याचा आहे. म्हणजे ‘इन्फ्लॅमेबल’चा अर्थ चटकन पेटणारं. टाकीवर हा शब्द वाचून कुणी ‘न पेटणारं’ समजला तर काय होईल? म्हणून विसाव्या शतकात अग्निसुरक्षेचं काम करणाऱ्यांनी ‘फ्लॅमेबल’ हा आखूड शब्द पुढे केला, आणि न पेटणाऱ्याला ‘नॉन-फ्लॅमेबल’. टाकीवर आता बहुधा हेच दोन दिसतील.

डावं-उजवंही इथे आहे. ‘डेक्स्टरस’ आणि ‘अड्रॉइट’ हे दोन्ही हस्तकुशल माणसाचे शब्द, एक लॅटिनमधल्या उजव्या हातातून आलेला, दुसरा फ्रेंचमधून. ‘गॉश’, म्हणजे चारचौघांत अवघडून वागणारा, हा फ्रेंचमधला डावा. दोन्ही हातांनी सारखंच काम करणाऱ्याला ‘ॲम्बिडेक्स्टरस’ म्हणतात, दोन्ही हात उजवे असलेला. आपणही ‘हा त्याच्यापेक्षा उजवा’ म्हणतो, तरी सोपं काम मात्र डाव्या हातचा मळ. डावखुऱ्यांना मराठीने निदान मळ तरी दिला.

दोन शब्दांबद्दल ताकीद. ‘या बाबतीत मी हतबल आहे’ असं म्हणायचं असेल तर ‘हेल्पलेस’ किंवा ‘पॉवरलेस’ घ्या. शब्दकोश ‘इम्पोटंट’ असाही पर्याय दाखवेल. राग किंवा संस्था ‘इम्पोटंट’ असू शकते, पण माणसाने स्वतःबद्दल ऑफिसच्या मेलमध्ये हा शब्द लिहिला तर आजच्या हसण्याची तुम्हाला आठवणही राहणार नाही. बोलताना तर ‘इम्पॉर्टंट’शी गल्लत व्हायला क्षण पुरतो. जोर ‘इम्’वर दिलात तर नपुंसक, ‘पॉर्’वर दिलात तर महत्त्वाचा.

दुसरा शब्द ‘डिसेबल्ड’. दिव्यांग व्यक्तीसाठी ‘इनकेपेबल’ किंवा ‘इनव्हॅलिड’ कधीही नाही, ‘हँडिकॅप्ड’ही आता टाळतात. 2006 सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याने ‘पर्सन्स विथ डिसएबिलिटीज’ अशी रचना घेतली, माणूस आधी. ‘डिसेबल्ड पीपल’ म्हणवून घेणं पसंत करणारेही पुष्कळ आहेत, तेव्हा समोरची व्यक्ती स्वतःबद्दल काय म्हणते ते ऐकावं. अपघाताने किंवा आजाराने काही काळ अंथरुणाला खिळलेल्यासाठी ‘इनकपॅसिटेटेड’ आहे, पण तुमच्या एका दिवसाच्या तापाला तो फार जड होईल.

साहेबांशी बोलायचं का? बोला, पण ‘कॉम्पिटंट’वरून भांडू नका. त्यांनी तो शब्द कोणत्या तापमानाला लिहिला हे तुम्हाला कळणार नाही आणि कदाचित त्यांनाही आठवणार नाही. पुष्कळ साहेब तुमच्याच शब्दकोशातून शब्द काढतात. मी मघाशी म्हटलं त्या युरोपीय मोजपट्टीचंच बघा. ती 2001 साली प्रसिद्ध झाली तेव्हा तिने नुसतं ‘प्रोफिशियंट’ म्हणून सोडलं नाही. प्रत्येक पातळीखाली ‘कॅन’ने सुरू होणारी वाक्यं दिली. याला ऐकलेलं जवळजवळ सगळं सहज समजू शकतं, हा अमुक प्रकारचा मजकूर लिहू शकतो, अशी. विशेषणाने भागेना तेव्हा इंग्रजीसुद्धा क्रियापदाकडे परत आली. तुम्हीही साहेबांना तेच मागा: ‘सर, गेल्या वर्षी कोणतं काम मी एकटीने पार पाडलं आणि कोणत्या कामात तुम्हाला लक्ष घालावं लागलं, ते दोन वाक्यांत लिहाल का?’ ती दोन वाक्यं पुढच्या वर्षी उपयोगी पडतील. ‘हायली’ मागून घेतलंत तर ते फक्त फायलीत राहील.

त्या मुलाची शिफारस अजून गेलेली नाही, हे बरंच झालं. त्याच्याबद्दल तुम्ही मला पत्रात एकच शब्द लिहिलाय, ‘हुशार’. त्याने केलेलं एखादं काम आठवा. तुम्ही रजेवर असताना त्याने एकट्याने काही निभावलं असेल, कुणाची चूक वेळेत पकडली असेल, न सांगता काही शिकून घेतलं असेल. आधी ते मराठीत लिहा, ‘त्याला अमुक जमलं’ अशा साध्या वाक्यात. मग त्याचं ‘ही वॉज एबल टू...’ करा आणि पुढे ते काम जसंच्या तसं मांडा. शेवटी विशेषण लावायची फारच हौस असेल तर ‘अ व्हेरी केपेबल यंग मॅन’ लिहा आणि तिथे पूर्णविराम द्या. ‘ऑफ’ लिहू नका.